हसण्यासारखं काय होतं

मोतिबिंदू हिवाळ्यात काढा, असं गावातल्या ज्याला त्याला वाटत होतं. पण मायच्या हिशोबात मे महिनाच बसत होता. तूर-हरभरा घरात आलेला, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून कोठ्यामागं रचून झालेली, आणि मृगाला अजून अवकाश. त्यामुळं ऐन तापत्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी आली आणि तिच्या दिमतीला मी आले. डॉक्टरांनी सांगितलेल्यांपैकी तीन गोष्टींचा तिला जाच वाटला. चुलीपुढं बसायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, टीव्ही पाहायचा नाही. पहिल्या दोन ती चोरून मोडणार हे मला माहीत होतं. तिसरी मोडायची सोयच नव्हती, कारण दुपारी लाइन नसायची. सपरीत बाज टाकलेली, दाराला ओलं गोणपाट बांधलेलं, कवेलूंच्या फटीतून उन्हाच्या पैशाएवढ्या चकत्या जमिनीवर पडलेल्या. बाहेर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. अशा दुपारी काय करायचं, म्हणून मी पिशवीतलं पुस्तक काढलं. उद्धव शेळक्यांची 'धग' कादंबरी. पिशवीत ते चुकून आलं नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकते.

तिसऱ्या दुपारची गोष्ट. कौतिक नवऱ्याला बोलते आहे, आणि महादेव बसून आहे. नुसता बसून. ती बोलते, तो बसतो. वाचताना माझा आवाज जड झाला होता. अशा जागी तो होतोच, गेली पंचवीस वर्षं होत आलाय. आणि बाजेवरून हसण्याचा आवाज आला. मला आधी वाटलं खोकला असेल. वर पाहिलं तर माय हसत होती. ओठ मुडपून वगैरे नाही, पोट हलेस्तोवर. एका हातानं पट्टी दाबून धरलेली.

"अवं माय, पट्टी सुटते न माही!"

"काय झालं?"

"काही नाही. वाच तू समोर."

मी समोर वाचलं. पान उलटलं तरी तिचं संपेना. हसू विझत आलं की ती एकटीच काहीतरी पुटपुटायची आणि पुन्हा सुरू. त्या रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर मला झोप येईना. उकाडा होताच. पण ज्या जागेवर मी रडत आले त्या जागेवर माझी माय हसली, हे काही केल्या पचत नव्हतं. आणि खरं तर त्याहून वाईट गोष्ट ही होती, की मला तिला रडताना पाहायचं होतं.

हे पुस्तक मला सापडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि अमरावतीत बोलायला शिकत होते. म्हणजे बोलता येत होतंच, पण 'मले', 'तुले', 'काहून' हे तोंडातून काढून टाकायचं काम चाललं होतं. एकदा भर वर्गात मी सरांना "काहून सर?" असं विचारलं आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. हसणाऱ्या पोरी काही पुण्याच्या नव्हत्या. तिवसा, चांदूर, मोर्शीकडच्याच होत्या, फक्त माझ्याआधी एक वर्ष येऊन धुतल्या गेल्या होत्या. पुढं आठ-दहा दिवस मी वर्गात तोंडच उघडलं नाही. मग वाचनालयातून हे पुस्तक हाती आलं. १९६० सालचं, माय तेव्हा जेमतेम पाच वर्षांची असेल. लेखक हिंगणघाटात जन्मलेला, म्हणजे आमच्यातलाच. होस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून मी ते उघडलं, आणि छापलेल्या पानावर माणसं 'मले-तुले' करत भांडत होती. हे छापता येतं, हेच मला नवं होतं. मी पहिली काही पानं गोष्टीसाठी वाचलीच नाहीत. नुसते शब्द पाहत होते, जत्रेत आपल्या गावचं माणूस दिसल्यावर पाहतो तसे.

गोष्ट मग आली, आणि आली ती छातीवर बसली. कौतिक राबते. नवरा शिंपी आहे, हातात कला आहे, पण कशात मन नाही. घर उभं राहतंय न राहतंय तोवर पुन्हा खाली बसतं. मला वाटलं, आमच्या घरात कोणी लपून बसून लिहून घेतलंय. कौतिक म्हणजे माझी माय. महादेव म्हणजे बाबा. आमच्याकडं शिलाई मशीन नव्हती, सात एकर कोरडवाहू होतं आणि बाबांच्या हातात खंजिरी होती, एवढाच काय तो फरक.

बाबा वाईट नव्हते, हीच तर अडचण आहे. दारू नाही, जुगार नाही, कधी कोणावर हात उचलला नाही. त्यांना भजनाचं वेड होतं. आमच्या भागात ते नवलाचं नाही. गुरुकुंज मोझरी हाकेवर, तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले तरी प्रत्येक गावात खंजिरीवर बोट फिरवणारी दोन-चार माणसं उरलेलीच. बाबा त्यातले. महाराज स्वतः आयुष्यभर कष्टा, राबा म्हणत फिरले. बाबांनी त्यातला ताल तेवढा उचलला. सप्ताह असो, पुण्यतिथी असो, कोणाच्या घरचं तेरवीचं भजन असो, बाबा चार-चार दिवस गायब. डवरणीला वाफसा आलाय, बैल कोठ्यात उभे, आणि मालक तीन गावं पलीकडं टाळ्या घेतोय. अजूनही कुठल्या गावात मी नाव सांगितलं की म्हातारी माणसं हात जोडतात. लय देवमाणूस होता म्हणतात. मी पण हात जोडते. डवऱ्याचे बैल कोणी धरले, हे त्यांनी विचारलेलं नसतं आणि मी सांगितलेलं नसतं.

१९८९ च्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ सांगायलाच हवी. तेव्हा कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीतच द्यावा लागायचा, १९७२ पासून तीच रीत. जिनिंगच्या फाटकासमोर बंड्यांची रांग, दोन-दोन रात्री बैलांसकट तिथंच मुक्काम. चुकारा, म्हणजे कापसाचा पैसा, मिळाला की वर्षाचं गणित सुटायचं. दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, पोरांचे कपडे. त्या वर्षी बाबा चुकारा घ्यायला गेले आणि संध्याकाळी बंडीतून बोऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उतरले. आम्हाला वाटलं पंखा. बोरा सोडला तर आत पेटी. हार्मोनियम. नव्या पॉलिशचा वास अख्ख्या सपरीत भरला. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. परातीत पीठ, पीठात पाचही बोटं, आणि ती बोटं बघत बसलेली. मग थापणं पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जोरात. ती काहीच बोलली नाही. आठ दिवस बोलली नाही. "तुह्या बाबाले सांग, भाकर वाढली," असा निरोप माझ्यामार्फत जायचा, अडीच हातांवर बसलेल्या माणसाला. बाबा मात्र त्या रात्री पेटीवर बसले, भाता हलवला, आणि आमचं घर गाऊ लागलं. मी दहा वर्षांची होते. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले आणि काळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या.

मला ते फार आवडलं होतं.

पुढच्या जूनमध्ये ताईची शाळा सुटली. सातवी पास झाली होती. आठवीला तालुक्याला जायचं तर एसटीचा पास, गणवेश, वह्या. आणि वावरात निंदायला एक हात कमी पडतच होता. ती गेली मायच्या मागं. तिनं निंदलं, वेचलं, आणि तीन वर्षांनी माझी वेळ आली तेव्हा मी आठवीला गेले. ही वाक्यं मी इथं लागोपाठ लिहिते आहे, घरात ती कधीच कोणी लागोपाठ म्हटली नाहीत.

तर अशा घरातल्या मुलीनं 'धग' वाचली, आणि तिला वाटलं, झालं, आपली फिर्याद लिहून तयार आहे. पुढं कित्येक वर्षं मी ती वापरली. ओळखीच्यांना मायबद्दल सांगायचं तर मी म्हणायची, "कौतिक वाचली आहेस ना? तशी." समोरचा गप्प व्हायचा, माझ्याकडं आदरानं पाहायचा. तो आदर मी घेतला. पण तिशीनंतर पुन्हा वाचायला घेतली तेव्हा काहीतरी खुपू लागलं. एवढा मारा? एक घाव बसतो न बसतो तोच दुसरा. नवऱ्याला महारोग होतो, आणि शेवटी तर कौतिकचं डोकंच फिरतं. मी पुस्तकाशी भांडू लागले. या घरात एखादी संध्याकाळ बरी गेली नसेल? एखाद्या वेळी नवरा-बायको आंब्याच्या कोयीवरून हसले नसतील? की त्या मी वाचूनही विसरले, कारण मला त्यांचा उपयोग नव्हता? आज मला शपथेवर सांगता येणार नाही. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, बाई, १९६० मध्ये एका माणसानं वऱ्हाडातल्या गरीब घरातल्या बाईकडं एवढा वेळ बघत बसायचं ठरवलं, हे काय थोडं आहे? हाच माणूस पुढं पोटासाठी ढिगानं कादंबऱ्या लिहीत राहिला. राबणं म्हणजे काय, ते त्याला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

या खुपण्यात २००६ चाही वाटा आहे. त्या वर्षी पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि आमच्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्या फिरू लागल्या. एक आमच्या गावातही आली. उतरलेले लोक सभ्य होते, पाणी मागून प्याले. त्यांना मायचा फोटो हवा होता, चुलीजवळ, चूल न पेटवता. माय म्हणाली, थांबा, आणि आत गेली. दहा मिनिटांनी ताईच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून, केस विंचरून बाहेर आली. फोटोवाल्याचा चेहरा पडला. "नाही आजी, आधी होत्या तशाच." माय तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती, आजी म्हटल्यानं आधीच घुस्स्यात. "तसा फोटू मी मेल्यावर बी काढू देणार नाही," म्हणाली आणि चूल पेटवून चहा ठेवला. फोटो निघालाच नाही. मी हा किस्सा बऱ्याच ठिकाणी हसतहसत सांगितलाय, पण आतून कानकोंडी होऊन. कारण त्या फोटोवाल्याला जे हवं होतं तेच मी कौतिकचं नाव घेऊन लोकांना देत आले होते. विझलेली चूल. हिरवं लुगडं वजा करून.

ताईला मी एकदा हे पुस्तक दिलं होतं, तिच्या पन्नाशीच्या आत-बाहेर. ती अक्षर लावून वाचते, पेपर रोज वाचते. पंधरा दिवसांनी तिनं ते परत दिलं. मधे कुठं दुमडलेलं नाही, कडेला तेलाचा डाग नाही. "मले कायले देतं वाचाले? त्या घरात मी राह्यली हावो न," म्हणाली. एवढंच. बाबांच्या वर्षश्राद्धाला ती येत नाही. दरवर्षी काहीतरी काम निघतं. माय तिला विचारत नाही आणि ती मायला सांगत नाही.

आता त्या हसण्याकडं येते. चौथ्या दुपारी मी वाचायला बसले आणि न राहवून विचारलंच. काल हसलीस का? मायनं आधी टाळलं. आंबाडीचं सरबत पाहिजे म्हणाली. ते दिलं. मग पट्टीच्या खालून बोट घालून खाजवायला गेली, तो हात मी धरला. हात धरलेलाच होता तेव्हा ती बोलायला लागली.

"कसं हाये, मी तुह्या बाबाले कधीच काही बोलली नाही. तोंड दाबून राह्यली. पऱ्हाटीत गेली की मंग बोलत होतो. एकेका झाडाले. पेटी आनली त्या साली तर पुरी पात बोलतबोलत येचली. बाजूच्या पातीवरची मने, येडी झाली काय वो? मले वाटे, हे आपन झाडाले बोलून राह्यलो, थेच जर एकडाव त्याईच्या तोंडावर बोललो तर मानूस सुदरन. हिंमतच नाही झाली. त्याईले जाऊन इतके साल झाले, तरी मनात येच, का बोलाले पाह्यजे होतं. आपल्याच मुकेपनानं घर बसलं."

सरबताचा पेला तिनं खाली ठेवला.

"अन् हे तुही कौतिक. समदं बोलली. मी झाडाले बोलली थेच बोलली, एक शब्द सोडला नाही. अन् थो? थो बसूनच हाये!"

आणि पुन्हा हसू फुटलं. यावेळी मीही हसले असं लिहिलं तर छान दिसेल, पण मी हसले नाही. मी तिच्या हातावरच्या शिरा पाहत होते. तीस-पस्तीस वर्षं ही बाई स्वतःला एक दोष लावून घेऊन जगली, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी तिला सोसणारी म्हणून मिरवत होते. तिच्या लेखी ती गप्प बसलेली होती, चुकलेली होती. आणि ज्या पुस्तकाला मी निर्दय म्हणत होते, त्यानं एका दुपारी तिला त्यातून सोडवलं. बोलली असती तरी काही फरक पडला नसता, हे तिला कोणी तरी दाखवून दिलं होतं. ही काय आनंदाची बातमी आहे? पण तिला ती झाली.

तेवढ्यावर मी सोडायला हवं होतं. सोडलं नाही. म्हटलं, म्हणजे महादेवाचा काही दोष नाही म्हणतेस?

"मी कुठी मनलं? त्याचं मन लागत नसन."

"मन लागत नाही म्हणून पोरांचे हाल करायचे?"

"मी मनलं, मन लागत नसन. हाल कराचे असं मनलं काय मी? तू वकील हायेस? वाच."

आणि थोड्या वेळानं, मी दोन पानं वाचल्यावर, भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "ताईच्या शाळेचं मात्र मी बोलाले पाह्यजे होतं. थे त्याईनं ऐकलं असतं." यावर मी काहीच म्हटलं नाही. कौतिकनं तिला ज्यातून सोडवलं त्यातला हा एक तुकडा तिनं स्वतःपाशी ठेवून घेतला होता, आणि तो काढून घ्यायचा हक्क मला नाही. ताईला असेल.

पुढचे दिवस वाचन चालू राहिलं. मला एक मात्र कळलं, मी हे पुस्तक आयुष्यभर मनात वाचलं होतं, आणि मनात माझी भाषा अमरावतीला धुतलेली होती. ओठांनी वाचताना ती माणसं वेगळीच निघाली. त्यांच्या भांडणात टोले होते, टोमणे होते, बाजारातल्या बायकांसारखी जागच्या जागी परतफेड होती. माय मधेच "हाव न!" म्हणायची, मधेच एखाद्या पात्राला शिवी घालायची, एकदा तर तिनं पुढचं वाक्य माझ्याआधी म्हटलं आणि ते जवळपास तेच निघालं. कोठ्यातून बैलांच्या घंटा वाजायच्या, ओल्या गोणपाटातून लू गार होऊन यायची, आणि मला वाटायचं, मी ज्याला घाव-घाव म्हणत होते त्याच्या मधल्या जागेत ही माणसं एवढी बडबड करत होती, आणि मी ऐकलंच नव्हतं. तरीही पुस्तकाशी माझं पूर्ण मिटलं असं नाही. शेवट जवळ येऊ लागला तसा माझा वेग मंदावला. एका बाईच्या सगळ्या राबण्याचा शेवट वेडात व्हावा, हे डोळ्याला पट्टी बांधलेल्या मायला वाचून दाखवायचं? बाजूच्या पातीवरची तिला 'येडी झाली काय वो' म्हणाली होती. ते वाक्य माझ्या कानातून जाईना.

दहाव्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. माझी सुट्टी संपत आली होती. शेवटची पंचवीस-तीस पानं राहिली असताना मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, बस, आता पोळ्याला आली की. मायनं चष्म्यातून पुस्तकाकडं पाहिलं. किती पानं उरली ते तिला दिसत होतं. त्यासाठीच तर ऑपरेशन केलं होतं. "राहू दे इथंच," म्हणाली. मी ठेवून आले. पेटी ज्या कोनाड्यात आहे तिथं, पेटीवरच. पेटीचा भाता उंदरांनी कधीच खाल्ला आहे, पण ती कोणाला देऊ देत नाही.

पोळ्याला गेले ती नेमकी दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी. रस्ताभर पोरं लाकडी बैल ओढत होती, घराघरासमोर थांबून बोजारा मागत होती. पाऊस पडून गेलेला, सपरीत ओल्या मातीचा आणि आदल्या दिवशीच्या पुरणाचा वास. मायचा डोळा चांगला झाला होता, तांदळातले खडे उजेडाकडं न जाता वेचत होती. आणि बाजेवर शेजारची आठवीतली पोट्टी मांडी घालून बसली होती, हातात 'धग'. मी चप्पल काढेस्तोवर ऐकत उभी राहिले. पोट्टी शाळेत वाचतात तसं वाचत होती, प्रत्येक शब्दावर जोर देऊन, आणि जिथं 'मले' छापलेलं होतं तिथं तिच्या तोंडून सरळ 'मला' येत होतं.

"मले," माय सुपातून डोळे न काढता म्हणाली.

"मॅडम मला म्हणाले लावतात, आजी."

"तुह्या मॅडमले सांग, हे कौतिक हाये. मले मन."

पोट्टीनं मान हलवली, बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं. मी पुढं जाऊन पाहिलं. माझी खूण, डोळ्याच्या थेंबांच्या डबीतला कागद, मी ठेवला होता तिथंच होता. पण या दोघी मागून, पहिल्या पानापासून निघाल्या होत्या, आणि त्या कागदापासून अजून बऱ्याच अलीकडं होत्या.